रंकाळ्यावर पेंग्विन आणताना घ्यायची काळजी

2016 साली मुंबईत राणीच्या बागेत पेंग्विन आले आणि तेव्हापासून आपल्या पोटात दुखतंय, हे आधी कबूल करूया. टोल घालवला, हायकोर्टाचं सर्किट बेंच आणलं, मग एवढासा पक्षी आणायला काय धाड भरलीय? तेव्हा आज संध्याकाळीच टपरीवर बसून ‘पेंग्विन कृती समिती’ काढा. निमंत्रक चार ठेवा, नाहीतर पुढं घोळ होतो. ‘त्याचा रस्सा होतो का?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल. तो हसण्यावारी न्या, इतिवृत्तात घेऊ नका.

मुंबईचे आहेत हम्बोल्ट. आपणही तेच आणले तर कोल्हापूरचं नाव कशाला सांगायचं? आपण मागायचा तो न्यूझीलंडचा, पिवळ्या डोळ्यांचा. डोळा पिवळा, आणि डोळ्यापासून निघून डोक्यामागनं फिरलेला फिकट पिवळा पट्टा, जेजुरीहून नुकताच आल्यासारखा. उंची साधारण 65 सेंटिमीटर, वजन पाच-सहा किलो. ताब्यात घेताना नीट बघून घ्या. पहिल्या वर्षातल्या पोराला हा पट्टा नसतो आणि डोळ्यातही तो पिवळा उतरलेला नसतो. फ्लेक्स छापून झाल्यावर हे लक्षात आलं तर पेठेत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

पक्षी वजनदार आहे. तिकडच्या पाच डॉलरच्या नोटेवर एका बाजूला एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी आणि दुसऱ्या बाजूला हा. शिवाय दोनदा निवडून आलेला. न्यूझीलंडात ‘वर्षाचा पक्षी’ निवडायला लोक रीतसर मतदान करतात, त्यात हा 2019 ला आला आणि 2024 ला परत आला. त्याच दोन सालांत आपणही बोटाला शाई लावून घेतली होती. निवडून आलेला नंतर दिसेनासा होतो, ही आपल्या सवयीची गोष्ट. याच्या बाबतीत मात्र ते अक्षरशः घडतंय. दक्षिण बेट आणि स्टीवर्ट बेट मिळून आता दोनशेच्या आत जोड्या राहिल्यात. बाकीचे आहेत ते पार दक्षिणेला, ऑकलंड आणि कॅम्पबेल बेटांवर. समुद्रात मासेमारीची जाळी, जमिनीवर स्टोट आणि फेरेट हे मुंगसासारखे दिसणारे शिकारी, मांजरं, कुत्री, आणि पिल्लांच्या तोंडात घटसर्पासारखा रोग. म्हणजे घाई केलेली बरी. संपल्यावर मागणी करण्यात काय मजा?

माओरी लोक त्याला ‘होइहो’ म्हणतात. अर्थ, आरडाओरडा करणारा. हे ऐकलं की हा आपलाच गडी, असं तुम्हाला वाटणार. इथंच फसाल. तो ओरडतो ते घरट्यापाशी जोडीदार भेटल्यावर. एरवी महा एकलकोंडा. पेंग्विन म्हटलं की टीव्हीवर दिसते ती जत्रा डोळ्यापुढं आणू नका. हा झाडाझुडपात, शेजाऱ्याचं घरटं नजरेला पडणार नाही अशी आडोशाची जागा शोधतो. समोर शेजारी दिसायला लागला की संसाराचं बिनसतं. आता आमच्या मंगळवार पेठेत शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आपल्या घरात डाळ उतरवतात. तिथं त्याला खोली बघू नका. दोन अंडी घालतात, दीड महिना उबवायची, आणि त्यात नर-मादी पाळीपाळीनं बसतात. हा तपशील समितीच्या पुरुष सदस्यांनी घरी सांगू नये. विषय वाढतो.

खाण्याचं म्हणाल तर तो वरवर पोहणारे मासे टिपत बसत नाही. थेट समुद्राच्या तळाला बुडी, शंभर मीटरच्या पलीकडंही, आणि तळालगतचे मासे धरून वर. रंकाळ्यात तळाला गेला तर नारळ, निर्माल्य आणि पाण्याच्या बाटल्या मिळतील. हळूहळू सवय होईल त्याला. आपल्याला नाही का झाली?

खरी परीक्षा फेब्रुवारी-मार्चला. पिल्लं हाताखालून गेली की तो दाबून खातो, आठ किलोच्या आसपास जातो, आणि मग सगळी जुनी पिसं एकदम टाकतो. तीन-चार आठवडे हे चालतं. तेवढे दिवस अंगावर पाणी थोपवणारं काही नसतं. समुद्रात शिरता येत नाही, म्हणून खायलाही मिळत नाही. एका जागी उभा. जुनी पिसं मागं लोंबतायत, आतनं नवी डोकावतायत, पायाशी कापसाचा ढीग, आणि मान खाली. उसवलेली गादी भिंतीला टेकवून ठेवावी तसा दिसतो. तीन-चार किलो उतरूनच परत पाण्यात जातो. तालमीतला गडी खुराक वाढवतो तो मैदान मारायला, हा वाढवतो नुसतं उभं राहायला. मार्चच्या उन्हाचं काय करायचं, असं कोणी शहाणा विचारेल, कारण तिकडच्या थंड हवेतसुद्धा ऊन चढलं की हा धापा टाकत सावली शोधतो. त्याच्या घरट्यांची जंगलं तोडून तिकडं गुरांची कुरणं झाली, तेव्हापासून सावलीचीही मारामार. आपण एसी लावू. वीजबिल तेवढं समितीच्या नावावर येऊ देऊ नका. आणि उपाशी आहे म्हटल्यावर आपल्यातलं कोणीतरी भेळेची पुडी पुढं करणारच, प्रेमानं. त्याला अडवायचं कसं, यावर माझ्याकडं सल्ला नाही.

आता उद्घाटनाची वेळ. संध्याकाळचीच ठेवा, कारण हा पहाटे समुद्रात जातो आणि दिवस मावळायच्या सुमाराला घरी येतो. त्याच वेळी रंकाळ्यावर सगळं कोल्हापूर येतं. योग जुळून आलाय. संध्यामठाच्या बाजूला भेळवाल्यांच्या बत्त्या लागलेल्या, कणीस भाजल्याचा वास, फुगेवाला, दोन पोरं बापाच्या खांद्यावर, आणि पाण्यातनं पोट पुढं करून एक पक्षी वर येतोय. पोटात पिल्लांसाठी मासे आहेत. तो काठाशी थांबतो, मान वळवून बघतो. समोर माणूस दिसला की पुढं येत नाही. गर्दी लागते असं नाही, एक माणूसही पुरतो. उभाच राहतो, नाहीतर परत पाण्यात शिरतो, आणि वर झुडपात पिल्लं ताटकळतात. ओटागो द्वीपकल्पावर सँडफ्लाय बे म्हणून किनारा आहे, पर्यटकांचा लाडका. तिथली पिल्लं माणसं न जाणाऱ्या किनाऱ्यावरच्या पिल्लांपेक्षा वजनाला कमी भरली. कोणी दगड मारला नव्हता हो. लोक नुसते कौतुकानं बघत उभे होते.

म्हणून तिकडं पन्नास मीटर लांब राहा असं सांगतात. काही ठिकाणी तर खंदक खणून, वर छप्पर घालून, माणसांना आत वाकून चालायला लावतात आणि फटीतनं बघायला देतात. पक्षी मोकळा, माणसं बिळात. आपल्याकडंही खंदक खणायला हरकत नाही, खणण्यात आपला हात कोण धरणार? पण पहिल्या फटीपाशी कोण बसणार, यावर समिती फुटेल. फुटू द्या. दुसऱ्या समितीचं नाव आधीच ठरवून ठेवा, ‘मूळ पेंग्विन कृती समिती’. दोघांचे सत्कार एकाच संध्याकाळी येतील, ढोल-ताशा दोन्हीकडनं. तोवर तो पाण्यातच राहील. त्याची काळजी करू नका, वाट बघायची त्याला सवय असते.

साडेदहा-अकराला रंकाळा रिकामा होतो. भेळवाले बत्त्या विझवतात, उरलेला चुरमुरा तिथंच झटकतात. मग तो वर येईल. त्याच वेळेला तो चुरमुरा खायला कुत्री येतात, आमच्या बाजूची सात-आठ तर नेहमीचीच आहेत.