कोरड्या चिकनचा दोष एअर फ्रायरच्या पंख्यावर ढकलू नका

एअर फ्रायर वापरणाऱ्यांमध्ये एक संदेश मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: एअर फ्रायरचा पंखा मांसातील पाणी उडवून लावतो, म्हणून चिकन ब्रेस्ट त्यात रसाळ होत नाही, तरीही करायचेच असेल तर रस आत कोंडण्यासाठी तुकडा आधी तव्यावर परतावा, मीठ शेवटी घालावे, तुकडे एकावर एक रचू नयेत आणि १८० अंशांवर पंचवीस मिनिटे, आतला गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत शिजवावे. यातील एक सूचना सोडली तर बाकीच्यांत काही ना काही चूक आहे.

पंख्याचा आरोप अर्धवट खरा आहे. एअर फ्रायर म्हणजे जोरात हवा फिरवणारी छोटी भट्टीच, आणि त्या हवेने तुकड्याचा पृष्ठभाग वाळतो हे नाकारता येणार नाही. त्याशिवाय तो खरपूस होणारच नाही. परंतु आतला ओलावा जातो तो प्रामुख्याने वेगळ्या कारणाने. मांसातील प्रथिने तापली की आकसतात आणि धरून ठेवलेले पाणी बाहेर पिळून काढतात. ही क्रिया पन्नास अंशांच्या आसपास सुरू होते आणि सत्तरीच्या पुढे फार तीव्र होते. ब्रेस्टमध्ये चरबी अत्यल्प असल्याने ही हानी झाकायला काही उरत नाही. म्हणजे प्रश्न तुकड्याच्या मध्यभागी किती तापमान पोहोचले याचा आहे, आणि नव्वद अंशांपर्यंत तापवलेले ब्रेस्ट कोणत्याही भांड्यात कोरडेच होईल.

रस कोंडण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे रूढ झाली. पुढे १९३० च्या दशकातील प्रयोगांत ती टिकली नाही, तरी स्वयंपाकघरातून ती अजून हटलेली नाही. परतून झालेला तुकडा तव्यावर चरचरत राहतो, तो आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो. परतल्याने चव वाढते. त्या चवीसाठी जरूर परतावे.

मीठ शेवटी घालण्याचा सल्ला तर उलटाच आहे. मीठ लावल्यावर सुरुवातीला पाणी सुटते, हे निरीक्षण बरोबर. पण तिथेच थांबणारा माणूस पुढचा भाग पाहतच नाही. काही वेळाने ते खारे पाणी पुन्हा आत मुरते, मीठ प्रथिनांची वीण सैल करते आणि शिजताना ती पाणी अधिक घट्ट धरून ठेवतात. दोनशे ग्रॅमच्या तुकड्याला साधारण अर्धा चमचा बारीक मीठ लावून तो किमान तासभर फ्रिजमध्ये ठेवावा, आणि शिजवण्यापूर्वी पृष्ठभाग कोरडा टिपून तेलाचा हात फिरवावा.

सर्वांत मोठी गफलत पंचवीस मिनिटांची आहे. तुकड्याची जाडी दुप्पट झाली तर शिजायला लागणारा वेळ दुपटीहून अधिक होतो, त्यामुळे जाडी न सांगता दिलेली मिनिटे निरुपयोगी ठरतात. त्यातच ब्रेस्ट एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळते असते. जाड भाग शिजेपर्यंत निमुळत्या टोकाची दोरी झालेली असते. म्हणून जाड बाजू हलक्या हाताने ठोकून सपाट करावी, किंवा तुकडा आडवा चिरून दोन पातळ काप करावेत. माझ्या मते संपूर्ण कृतीत याच पायरीने सर्वाधिक फरक पडतो.

रंगावर विसंबणे धोक्याचेही आहे, कारण गुलाबी छटा कधी सुरक्षित तापमानानंतरही टिकते, तर कधी त्याआधीच नाहीशी होते. खात्री देतो तो थर्मामीटर, आणि त्याचे टोक बाजूने घालून सर्वांत जाड भागाच्या मध्यापर्यंत न्यावे. अमेरिकी कृषी विभाग कोंबडीच्या मांसासाठी १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ७४ अंश सेल्सिअस, सांगतो. तिथे साल्मोनेला हा अन्नातून विषबाधा करणारा जिवाणू जवळजवळ तत्क्षणी मरतो. बाहेर काढल्यावरही आतले तापमान दोन-तीन अंशांनी चढत असल्याने ७१-७२ वर तुकडा काढून पाच मिनिटे झाकून ठेवावा आणि ७४ गाठल्याचे पुन्हा मोजून पाहावे. गाठले नसेल तर दोन मिनिटे परत आत.

बरोबर असलेली ती एक सूचना म्हणजे तुकडे एकावर एक न रचण्याची. हवा सर्व बाजूंनी फिरली नाही तर दबलेला भाग वाफेवर शिजतो, आणि तो शिजेपर्यंत उघड्या भागाची मर्यादा ओलांडलेली असते.