‘युनियनवाल्याने लोकसभेला उभं राहू नये’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

निवडणूक जवळ आली की कामगारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: ‘युनियनच्या माणसाने पहिल्याच फटक्यात लोकसभेला उभं राहणं हा वेडेपणा आहे. आंदोलनाच्या केसेस असल्या की अर्ज बाद होतो. कोटीभर रुपये लागतात. मग युनियनचा पैसा उडवला जातो. शेवटी डिपॉझिट जातं आणि युनियनही बसते.’ यातलं थोडं खरं आहे, बरंचसं खोटं. खरी अडचण जिथे आहे, तिचा तर मेसेजमध्ये पत्ताच नाही.

आधी केसेसचं बघू. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ शिक्षा किती झाली ते बघतं, अंगावर गुन्हे किती दाखल आहेत ते नाही. साधारणपणे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तरच माणूस अपात्र ठरतो. काही गुन्ह्यांची वेगळी, कडक यादी आहे, पण जमावबंदी मोडणं किंवा रस्ता अडवणं त्यात नाही. खटला नुसता चालू असेल तर उभं राहायला आडकाठी नाही.

अर्ज अडकतो तो नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात. प्रत्येक प्रलंबित केसचा एफआयआर क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं, कोर्ट, आरोप निश्चित झाले की नाही, हे सगळं लिहावं लागतं. गेटवर दहा-पंधरा वर्षं काढलेल्या कार्यकर्त्याला आपल्यावर नेमके किती गुन्हे आहेत हेच ठाऊक नसतं. एखाद्या जुन्या मोर्चाच्या एफआयआरमध्ये आपलं नाव आहे, हे समन्स आल्यावर कळतं. म्हणून अर्जाच्या महिनाभर आधीच ज्या ज्या हद्दीत आंदोलनं झाली, तिथल्या पोलीस ठाण्यांतून आणि कोर्टांतून यादी काढायला वकील बसवावा. दुसरी चूक कोऱ्या रकान्याची. जिथे लिहायला काही नाही तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहायचं. रकाना कोरा ठेवला आणि निवडणूक अधिकाऱ्याने नोटीस देऊनही भरला नाही, तर अर्ज फेटाळता येतो. तिसरी चूक शपथेची. ती अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाआधी घ्यावी लागते. छाननीच्या दिवशी घेतो म्हटलं तर चालत नाही.

केसेस असल्या की खर्च मात्र वाढतो. प्रचाराच्या काळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर आपल्या गुन्ह्यांची जाहिरात स्वतःच द्यावी लागते, आणि ती रक्कम निवडणूक खर्चात धरली जाते. रास्ता रोकोची केस असली तरी सुटका नाही.

केसेसपेक्षा घातक गोष्ट वेगळीच आहे: बडतर्फी. खाजगी कंपनीने काढून टाकलं असेल तर अर्जाला काही होत नाही. पण केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीतून गेल्या पाच वर्षांत बडतर्फ झालेल्याने, ही कारवाई भ्रष्टाचार किंवा राज्याशी अप्रामाणिकपणा यासाठी नव्हती, असं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावं लागतं. २०१९ मध्ये वाराणसीत तेज बहादूर यादव या बडतर्फ जवानाचा अर्ज याच कागदावरून बाद झाला. हे प्रमाणपत्र शेवटच्या दोन दिवसांत पळापळ करून मिळत नाही.

आता कोटीभर रुपयांचं. अनामत २५,००० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात लोकसभेला ९५ लाखांपर्यंत खर्च करता येतो. ही कमाल मर्यादा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ती प्रवेश फी समजलेली दिसते. पैसा कमी असला तरी हिशेब चोख लागतो. अर्जाच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं. नोंदवही तीन रंगांची: रोजच्या खर्चाला पांढरी पानं, रोखीला गुलाबी, बँकेला पिवळी. प्रचारात किमान तीनदा ती तपासायला न्यावी लागते आणि अधिकाऱ्याकडे आपली स्वतंत्र नोंद असते. कार्यकर्त्यांनी घरून आणलेल्या भाकऱ्या सोडा, पण सभेच्या मांडवातलं जेवण कुणी फुकट दिलं तरी त्याची किंमत दराने लावली जाते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही, तर तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. गरीब उमेदवार प्रचारात तग धरतात, इथे हमखास गारद होतात. हरल्यावर पावत्या गोळा करायचा उत्साह कुणाला असतो?

युनियनच्या पैशाबद्दलचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. सर्वसाधारण निधीतून निवडणूक लढवता येत नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने त्यासाठी कलम १६ मध्ये वेगळ्या राजकीय निधीची सोय केली, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही वेगळ्या निधीची सोय आहे. वर्गणी ऐच्छिक, पावती वेगळी. जो देणार नाही त्याला सभासदत्वातून काढता येत नाही. पगारातून परस्पर कापून घेतली की तक्रार झालीच समजा. पत्रकांचंही तसंच: प्रत्येकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. उत्साहाच्या भरात एखाद्या शाखेने उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय बॅनर छापले, तर तोही गुन्हा होतो.

डिपॉझिट गेलं म्हणजे संपलं? राज्यात ४८ जागा आणि नऊ कोटींवर मतदार, म्हणजे एका जागेला सुमारे १९ लाख. साठ टक्के मतदान धरलं तर अनामत वाचवायला पडलेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त, म्हणजे १ लाख ९० हजारांच्या वर मतं लागतात. पहिल्या खेपेला बहुतेकांची जाते, त्यात नामुष्की कसली. कम्युनिस्ट कामगार नेते श्रीपाद अमृत डांगे १९५७ ला निवडून आले, १९६२ ला पडले, १९६७ ला परत आले. जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत केंद्रीय मंत्री स. का. पाटील यांना हरवलं. गिरणी संपाचे नेते दत्ता सामंत १९८४ मध्ये, तो संप फसलेला आणि काँग्रेसची लाट भरात असताना, दक्षिण मध्य मुंबईतून निवडून गेले.

पण ही नावं पुढे करून आजचा हिशेब मांडणं चूक. गिरणगावात कामगार गिरणीशेजारीच राहायचा आणि बरेचदा तिथलाच मतदार असायचा. आजचा कंत्राटी कामगार एमआयडीसीत राबतो, झोपायला दुसऱ्या मतदारसंघात जातो आणि त्याचं नाव गावच्या यादीत असतं. ‘आपले सभासद पन्नास हजार’ असं मंचावरून ऐकू येतं, तेव्हा सभासद नोंदवही घेऊन मतदार यादीशी ताडून पाहावी. आकडा झपाट्याने खाली येतो. ज्यांचं नाव इकडे आणायचंय त्यांचा ‘नमुना ८’, म्हणजे मतदार यादीतला पत्ता बदलायचा अर्ज, महिनोन्महिने आधी भरायचा. अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेला दहा दिवस उरले की त्या यादीत नवं नाव येण्याची आशा सोडायची. अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारे, लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. एक जरी गावचा मतदार निघाला तरी तो अर्ज बाद. म्हणून अर्जाचे चार संच भरता येतात ते चारही भरावेत, वेगवेगळ्या सूचकांचे.

चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर. तिथून मतदानापर्यंत किमान १४ दिवस, त्यात शेवटचे ४८ तास प्रचार बंद. कायद्याने हमी असलेल्या बारा दिवसांत १९ लाख लोकांपर्यंत शिट्टी किंवा कपबशी पोहोचवायची.

आणि दोन हजारांच्या आसपास मतदान केंद्रं. प्रत्येकावर एक प्रतिनिधी, तोही शक्यतो त्याच भागातला मतदार. सात वाजता मतदान असेल तर अभिरूप मतदानासाठी, म्हणजे यंत्र तपासायच्या चाचणीसाठी, तो साडेपाचला तिथे हवा, आणि संध्याकाळी नमुना १७ सी ची, म्हणजे केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत हातात घेतल्याशिवाय हलायला नको. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब ने मिळते, पण रात्रपाळी आदल्या दिवशीच सुरू झालेली असते आणि सातला सुटते. त्यामुळे ज्याला साडेपाचला केंद्रावर बसवायचंय, त्याची आदल्या रात्रीची रजा टाकलीय का, हे यादी करतानाच विचारून घ्यायचं.