चुसॉक म्हणजे कोरियाचा पितृपक्ष? नाही हो, काकू

शनिवारी सकाळी वहिनीचा फोन आला. "तू कोरियन शिकवतेस ना? ग्रुपवर आलंय ते खरं आहे का, एवढंच सांग." आवाजावरूनच कळलं की रडून झालंय.

ग्रुपवर मोठ्या काकूंनी एक फॉरवर्ड टाकला होता. खाली दोन जोडलेले हात आणि "शिका काहीतरी". कोणी शिकायचं ते सांगायची गरज नव्हती. यंदा आजोबांच्या तिथीला वहिनीने खीर-वडे बाहेरून मागवले होते. फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा: अयोध्येच्या राजकन्येने दोन हजार वर्षांपूर्वी श्राद्धाची प्रथा कोरियात नेली, तिथे तिला चुसॉक म्हणतात. तो पितृपक्षातच येतो. सगळे कोरियन, धर्म कोणताही असो, सात्त्विक स्वयंपाक करून कावळ्याला घास ठेवतात. आणि तिथल्या सुना नोकरी सांभाळून तीन-तीन दिवस आनंदाने रांधतात, म्हणून तिथली घरं अजून टिकून आहेत. आपल्याकडे मात्र... आणि पुढे टिंबं.

त्या टिंबांकडे येतेच. आधी बाकीचं उरकते.

"पितृपक्षातच येतो." कॅलेंडर भिंतीवर असतं, काकू. चुसॉक हा कोरियाचा सुगीचा सण, त्यांच्या चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला. पितृपक्ष हा वद्य पक्ष. २०२४ मध्ये चुसॉक १७ सप्टेंबरला होता. त्या दिवशी आपण अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत होतो. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला आला, म्हणजे सर्वपित्री उलटून, घट उठून, दसऱ्याचं सोनंही वाटून झाल्यावर. त्या रात्री आपण कोजागिरीचं दूध आटवत होतो. बऱ्याच वर्षी तो भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास पडतो आणि आपल्याकडे त्या दिवशी प्रौष्ठपदी श्राद्ध असतं, एवढं मान्य. चंद्र दोघांचा एकच आहे, त्याला मी काय करू?

आता राजकन्या. ही गोष्ट फॉरवर्डवाल्याने स्वतः रचलेली नाही, हे कबूल करावं लागेल. तेराव्या शतकात इर्यॉन नावाच्या भिक्षूने लिहिलेल्या 'सामगुक युसा'त ती आहे: 'आयुता' देशाची राजकन्या हॉ ह्वांग-ओक जहाजातून आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाशी तिचं लग्न झालं. आयुता म्हणजे अयोध्याच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण गिम्हे किम घराण्यातले लाखो लोक तिला आपली मूळ आई मानतात, अयोध्येत तिचं स्मारक आहे, २०१८ च्या दिवाळीत दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी तिथे येऊन गेल्या. सगळं खरं. फक्त त्या गोष्टीत चुसॉक कुठेच नाही.

चुसॉक आहे तो दुसऱ्या ग्रंथात, ११४५ मध्ये पुऱ्या झालेल्या 'सामगुक सागी'त. आणि तो आहे शिल्ला राज्यात, गायात नाही. राजा युरीच्या नवव्या वर्षी, म्हणजे इ.स. ३२ मध्ये, राजधानीच्या सहा विभागांतल्या बायकांचे दोन गट केले. दोन राजकन्या दोन गटांच्या म्होरक्या. सातव्या महिन्याच्या सोळाव्या दिवसापासून रोज पहाटे वाड्याच्या अंगणात जमायचं आणि रात्री उशिरापर्यंत तागासारख्या वाखाचं सूत कातायचं. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मोजदाद. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना दारू आणि जेवण द्यायचं, मग गाणी, नाच, खेळ. याला 'गाबे' म्हणत. चुसॉकचं दुसरं नाव 'हांगावी' तिथूनच आलं असं मानतात. हरलेल्या गटातली एक बाई उठून नाचायची आणि "होएसो, होएसो" असा सुस्कारा टाकायची, तो इतका करुण की लोकांनी पुढे त्याचंच गाणं केलं.

या नोंदीत श्राद्ध नाही, पिंड नाही, अयोध्या तर नाहीच. आता आकडे बघा. ही स्पर्धा इ.स. ३२ ची. राजकन्या आली इ.स. ४८ मध्ये, आणि आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती, असं ती स्वतःच त्या कथेत सांगते. म्हणजे शिल्लातल्या बायका सूत कातत होत्या तेव्हा ही पोटात तरी असेल नाहीतर पाळण्यात. दोन्ही ग्रंथ घटनांनंतर हजारेक वर्षांनी लिहिलेले आहेत, त्यामुळे या सनांवर पैज कोणी लावू नये. पण फॉरवर्डला आधार तोच असेल तर त्याच आधाराने तो पडतो.

आज चुसॉकच्या सकाळी पूर्वजांसमोर 'छारे' म्हणून जो नैवेद्य मांडतात, त्याची मांडणी आली कन्फ्यूशियसच्या परंपरेतून, चीनच्या जू शी या पंडिताच्या गृहविधींवरून. कोरियातल्या जोसॉन घराण्याच्या राजांनी ती देशभर रुजवली.

"धर्म कोणताही असो." १७९१ मध्ये युन जी-छुंग या कॅथलिक माणसाने पूर्वजांच्या नावाच्या पाट्या जाळल्या, आईचं कार्य रीतीप्रमाणे केलं नाही, म्हणून त्याचं डोकं उडवलं. आजही कित्येक प्रोटेस्टंट घरांत छारे नसतं, प्रार्थना असते. पुढे.

"सात्त्विक." त्या टेबलावर मासा असतो, गोमांस असतं, तांदळाची दारू असते. दारू आधी पूर्वजांना, मग प्रसाद म्हणून घरातल्यांना. लसूण आणि लाल तिखट त्या स्वयंपाकात घालत नाहीत, हे मात्र खरं. चुसॉकचं खास पक्वान्न सोंगप्यॉन हेही आपल्याला ओळखीचं वाटेल: गरम पाण्यात मळलेली तांदळाची पिठी, आत तीळ किंवा चेस्टनट, आकार अर्ध्या चंद्राचा, पाईनच्या सुया अंथरून वाफवलेलं. मी पहिल्यांदा वळलं तेव्हा हात आपोआप मोदकाच्या कळ्या पाडायला लागला आणि शेजारची आजी खो खो हसली.

कावळा? नाही. पर्सिमनच्या झाडावर शेंड्याची दोन-चार फळं मॅगपाय पक्ष्यासाठी सोडतात. त्यात पितर नाहीत.

आता त्या सुना.

शिकायला सुवॉनला होते तेव्हा एका घरी मला चुसॉकला बोलावलं होतं. आदल्या दिवशी सकाळी गेले तर दिवाणखान्यात जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली, मध्ये विजेचा तवा, आणि थोरली सून मांडी घालून 'जॉन' तळत बसलेली. भोपळ्याच्या चकत्या, माशाचे काप, पिठात घोळवायचे, अंड्यात बुडवायचे, तव्यावर टाकायचे. दुपारी दोनला ती उठली तेव्हा दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून उठली. केसांना तेलाचा वास. पलीकडच्या खोलीत पुरुष टीव्हीसमोर चेस्टनट सोलत होते. ते काम परंपरेने त्यांचं. दुसऱ्या दिवशी टेबल लागलं ते नवऱ्याच्या आजोबा-पणजोबांसाठी. वाकून नमस्कार पुरुषांनी केले, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आनंद म्हणाल तर मला काही दिसला नाही.

यासाठी कोरियन भाषेत रोजच्या वापरातला शब्द आहे, काकू: 'म्यॉंगजॉल जुंगहुगुन', सणाचं दुखणं. अंगदुखी, अपचन, चिडचिड, सासरी जायच्या आठवडाभर आधीपासून झोप न येणं. सणानंतर घटस्फोटाचे अर्ज वाढतात, ही बातमी तिथली वर्तमानपत्रं दर वर्षी छापतात. "म्हणून तिथली घरं टिकली" हे लिहिणाऱ्याने कोरिया फक्त मालिकांत पाहिलाय. आणि मालिकाही नीट पाहिल्या नसाव्यात, कारण त्यांत सुना सासूला कशा कंटाळतात ते भरभरून दाखवतात.

सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. सोलच्या सुंगग्युनग्वान या कन्फ्यूशियन विद्यापीठाचं मूळ १३९८ चं, कन्फ्यूशियसच्या रीतींबाबत तिथला शेवटचा शब्द त्यांचा. म्हणजे आपल्याकडे धर्मशास्त्रावर बोलायचा ज्यांना अधिकार, तशी माणसं. सप्टेंबर २०२२ मध्ये, चुसॉकच्या तोंडावर, त्यांनीच जाहीर केलं: तळलेले पदार्थ छारेला लागत नाहीत. सोंगप्यॉन, भाजी, भाजलेलं मांस, किमची, फळं आणि दारू एवढं पुरे. फार तर नऊ पदार्थ. तांबडी फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, असले नियम जुन्या विधिग्रंथांत नाहीतच. त्यासाठी त्यांनी किम जांग-सेंग या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पंडिताचा दाखला दिला, की तेलकट पदार्थ मांडणं हेच मुळात रीतीला धरून नाही. थोडक्यात, तवा घेऊन बसलेली ती बाई पिढ्यान्‌पिढ्या जे तळत आली, ते कोणी मागितलंच नव्हतं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकूंनी दोन तासांनी पसंतीचा अंगठा टाकला, पण फॉरवर्ड अजून तिथेच आहे.

खरं साम्य हवंच असेल तर एक आहे, आणि ते फॉरवर्डवाल्याला सापडलेलं नाही: अळू. चुसॉकला बऱ्याच घरी 'तोरानगुक' करतात, अळकुड्यांचं पातळ सूप. आपल्याकडे श्राद्धाच्या पानात अळूची भाजी. सोलताना हात दोन्हीकडे सारखेच खाजतात. तिथल्या बायका रबरी मोजे घालतात. वहिनीला म्हटलं, पुढच्या वर्षी अळू घरीच कर, आणि सोलायला दादाला बसव.