घर भरेल शे, म्हणूनच

मागच्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर वाद झाला. अमळनेरचा चुलतभाऊ सहा महिन्यांपासून झोपत नाही, दुकानात जात नाही, कुणाशी बोलत नाही. महिन्यातून एकदा जळगावला नेतात, गोळ्या बदलून आणतात. मी लिहिलं, याला डे हॉस्पिटल हवं. सकाळी जायचं, दिवसभर उपचार घ्यायचे, संध्याकाळी घरी यायचं. मोठ्या दादाचं उत्तर आलं, "ती थेरं एकट्या राहणाऱ्या गोऱ्यांची. आपलं घर भरेल शे."

आठवडा झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

भरलेलं घर मी पाहिलंय. आमच्या वाड्यात एक काकू मागच्या खोलीत बसून असायच्या. त्यांना वेळेवर वरण-बट्टी मिळायची, कानबाईच्या सणाला नवं लुगडं मिळायचं. त्यांचे हाल कुणी केले नाहीत. पण त्यांच्याजवळ बसून सलग दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मीही नाही. शेत, गोठा, लेकरं, आलागेला बघून घरच्या बायांनी आणखी उपचार करायचे तरी केव्हा?

आणि एकट्या राहणाऱ्यांची थेरं कशी? १९३० च्या दशकात मॉस्कोत खाटा कमी पडत होत्या म्हणून अशी सोय निघाली. खाटा आपल्याकडे कुठे आहेत? सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. खानदेशातल्या माणसाला त्यातलं जवळचं कोणतं म्हणायचं? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर घराजवळ, समाजात राहून पुनर्वसनाचा हक्क लिहून ठेवलाय. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथे एक हॉल, एक डॉक्टर, एक मानसशास्त्रज्ञ, नर्स, समाजसेवक, हाताला काम शिकवणारं कुणी, आणि एसटीचा पास. एवढ्यावर सुरुवात होते.

दादा, डे हॉस्पिटल चालतंच घराच्या जोरावर. ज्याच्या जिवाला आत्ता धोका आहे, त्याला वॉर्डच लागतो. पण ज्याला रात्री सांभाळायला माणसं आहेत, त्याला घरातून उचलून महिनोन्महिने लांब कशाला ठेवायचं? दिवसा गटात बोलायचं, स्वयंपाक करायचा, औषधाचा परिणाम डॉक्टरांना रोज दिसतो. संध्याकाळी घरी जे जमलं नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचं. घरच्यांनाही बोलावून समजावतात. भाऊ अमळनेरहून सकाळच्या गाडीने धुळ्याला जाईल आणि दिवेलागणीला वहिनीच्या हातची कळण्याची भाकरी खाईल. आपल्यासारखी सोय मी राहते त्या जर्मनीत कितीजणांकडे आहे?

मला हे कसं माहीत, ते ग्रुपवर सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आठ आठवडे मी स्वतः इथे न्यूरेंबर्गच्या डे हॉस्पिटलात जात होते. क्रांकेनकासेने, म्हणजे इथल्या आरोग्य विम्याने, सगळा खर्च दिला, नोकरीला धक्का लागला नाही. जागा मिळायला मात्र तीन महिने थांबावं लागलं. पहिल्या आठवड्यात मी गटात एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या आठवड्यात एर्गोथेरपीत, म्हणजे हाताच्या कामातून होणाऱ्या उपचारात, वेताची टोपली विणताना रडले. विणकाम शिकवणाऱ्या बाईंनी टोपली बाजूला ठेवली आणि माझ्याजवळ बसून राहिल्या. तेव्हा मला मागच्या खोलीतल्या काकू आठवल्या.

चार वाजता सगळे घरी निघायचे. कुणाला न्यायला नवरा यायचा, कुणाला मुलगी. मी ट्रामने माझ्या दोन खोल्यांत यायचे. बाहेर अंधार पडलेला असायचा. दादाने ज्याची फुशारकी मारली ते भरलेलं घर तेव्हा मला हवं होतं, आणि ते मीच सोडून आले होते. दार लावून घेतलं की मी अमळनेरला फोन लावायचे. तिकडे साडेनऊ झालेले असायचे, मागे भांडी आवरल्याचा आवाज यायचा. आईला मी सांगितलं होतं, ऑफिसने एका कोर्सला पाठवलंय.

"झाला का गं आजचा कोर्स?" ती विचारायची.

"झाला," मी म्हणायचे, आणि तिने फोन ठेवू नये म्हणून आज भाजी काय केली ते विचारायचे.