सिंगापूर स्लिंग नेमकं कोणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमच्या आक्षेपाला चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की सिंगापूर स्लिंग हे जिनचं कॉकटेल 1915 साली सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलच्या लाँग बारमध्ये न्गियाम टोंग बून यांनी पहिल्यांदा बनवलं, ही गोष्ट पुराव्यापुढे टिकत नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत की न्गियाम हे चीनच्या हैनान बेटावरून आलेले, साहेबलोकांच्या हाताखाली राबणारे बारमन. अशा माणसाचं नाव जगभर पोचलेल्या पेयाशी जोडलं जाणं मुळात दुर्मिळ, आणि मी तेवढंही पुसायला निघालोय, तेही साहेबांच्याच वर्तमानपत्रांचा हवाला देऊन. सिंगापूरच्या टूरमध्ये त्या लाँग बारमध्ये शेंगांची टरफलं जमिनीवर टाकत तुम्ही ते गुलाबी पेय प्यालात, त्या आठवणीवर मी पाणी ओतलं, हेही तुम्ही म्हणालात.

आधी पुरावा काय आहे ते सांगतो, कारण सगळा वाद त्यावरच उभा आहे. 1903 साली सिंगापूरच्या 'स्ट्रेट्स टाइम्स'मध्ये गुलाबी स्लिंगचा उल्लेख येतो, आणि तो काही नवीन शोध लागल्यासारखा नाही, रोजच्या ओळखीच्या पेयाचा उल्लेख यावा तसा सहज येतो. पुढे 1913 मध्ये तिथल्याच एका साप्ताहिकात एक किस्सा छापून आला. सिंगापूर क्रिकेट क्लबमध्ये स्लिंग द्यायला नकार मिळाला, तेव्हा काही सभासदांनी सामान सुटं सुटं मागवलं: एक चेरी ब्रँडी, एक बेनेडिक्टिन (औषधी वनस्पतींचं गोड मद्य), एक जिन, एक लिंबाचा रस, थोडं बर्फ-पाणी आणि बिटर्स या कडू अर्काचे काही थेंब. टेबलावरच सगळं एकत्र केलं आणि मजेत प्याले. हे 1913 साल आहे. हॉटेल सांगतं त्या जन्मवर्षाच्या दोन वर्षं आधी लोकांना हे मिश्रण इतकं पाठ होतं की बारमनशिवायही त्यांचं अडलं नाही.

त्यानंतर लंडनमधले बारटेंडर रॉबर्ट व्हरमायर यांनी 1922 च्या पुस्तकात 'स्ट्रेट्स स्लिंग' दिलं आणि सिंगापूरचं सुप्रसिद्ध पेय अशी त्याची ओळख करून दिली. 1930 साली लंडनच्याच सॅव्हॉय हॉटेलचे बारटेंडर हॅरी क्रॅडॉक यांच्या पुस्तकात स्ट्रेट्स स्लिंग आणि सिंगापूर स्लिंग अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. या कशातही ना रॅफल्सचं नाव आहे, ना न्गियाम यांचं, ना अननसाच्या रसाचं. आज जी कृती सर्वत्र चालते तिच्यात 30 मिलीलिटर जिनला 120 मिलीलिटर अननसाचा रस असतो, म्हणजे जिनच्या चौपट. तुम्ही प्यालात ते मुख्यतः अननसाचं पेय होतं. ते छान लागतं, यात शंका नाही, पण क्रिकेट क्लबातल्या त्या टेबलावरचं स्लिंग ते नव्हे.

आता तुमच्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. श्रेय.

सिंगापूरच्या चिनी समाजात हैनानी लोक तुलनेने उशिरा आले. व्यापाराच्या चांगल्या जागा आधीच्या मंडळींनी धरलेल्या होत्या, त्यामुळे हैनानी माणसाच्या वाट्याला युरोपियन घरांतलं, क्लबांतलं, हॉटेलांतलं आणि जहाजांवरचं काम आलं. कोणी स्वयंपाकी, कोणी वेटर, कोणी बारमन. पन्नाशीच्या माणसालाही 'बॉय' म्हणूनच हाक मारली जाई. स्लिंग शहरभर प्यायलं जात होतं, म्हणजे ते शहरभर बनवलंही जात होतं, आणि बनवणारे हात मोठ्या प्रमाणावर याच लोकांचे होते. चेरी ब्रँडी किती घालायची, गोडी कापायला लिंबू किती पिळायचं, हे रोज ग्लास भरता भरता त्यांनीच ठरवलं असणार. ही सगळी माणसं एका हॉटेलच्या एका बारमनच्या नावामागे नाहीशी झाली. मला त्याचं वाईट वाटतं. न्गियाम रॅफल्समध्ये होते, उत्तम बारमन होते, त्यांच्या हातची कृती लोकांना आवडत होती, हे सगळं मी आनंदाने मान्य करतो. पण त्यांना एकट्याला जनक ठरवलं की बाकीच्यांचं श्रेय कामगारांकडे जात नाही, ते हॉटेलच्या खात्यात जमा होतं. मिसळ पहिल्यांदा कोणी केली, हे आपण एखाद्या हॉटेलच्या पाटीवरून ठरवत नाही. मग सिंगापूरकरांनी तरी का ठरवावं?

हॉटेलांच्या बाबतीत हे वारंवार घडतं, कारण हॉटेल टिकतं. सार्कीज या आर्मेनियन भावांनी रॅफल्स 1887 मध्ये सुरू केलं आणि ते आजही उभं आहे. त्या काळचे किती बार, क्लब, बोर्डिंग हाउस गेले! त्यांच्या वतीने बोलायला कोणी उरलं नाही. दुसरं उदाहरण घ्या. पोर्टो रिको बेटावरच्या सान हुआन शहरातल्या कॅरिब हिल्टनमध्ये 1954 साली रामोन मारेरो यांनी पिन्या कोलाडा तयार केलं असं ते हॉटेल सांगतं. त्याच शहरातल्या बाराचिना रेस्तराँनं 1963 च्या दाव्याची संगमरवरी पाटीच लावली आहे. आणि एप्रिल 1950 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं रम, अननस आणि नारळाचं दूध घातलेल्या क्यूबाच्या पिन्या कोलाडाबद्दल लिहून ठेवलंय. भांडण दोघांचं, पेय आधीपासून दुसऱ्याच बेटावर.

मला हॉटेलांचा राग आहे असा मात्र समज करून घेऊ नका. जिथे धागा पक्का आहे तिथे मी हॉटेलच्या बाजूने भांडेन. सॅव्हॉयच्या अमेरिकन बारमध्ये एडा कोलमन 1903 पासून होत्या. बारमागे बाई उभी राहणं तेव्हा बऱ्याच लोकांना खपत नव्हतं, आणि त्या तिथल्या मुख्य बारटेंडर होत्या. जिन, गोड व्हर्मूथ (मसाले घातलेली वाइन) आणि फर्ने-ब्रँका या कडू मद्याचे दोन शिंतोडे घातलेलं त्यांचं 'हँकी पँकी' हे कॉकटेल नट चार्ल्स हॉट्री यांच्यासाठी तयार झालं. दमून आलेल्या हॉट्रींना काहीतरी जोरकस हवं होतं, म्हणून एडाबाईंनी तासन्‌तास प्रयोग केले. ही हकिकत त्यांनी 1925 साली एका वर्तमानपत्राला स्वतःच्या तोंडाने सांगितली आहे. हॉट्री जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि ते सगळं पाहिलेली माणसं लंडनमध्येच होती. बनवणारीने स्वतः, स्वतःच्या नावाने, त्याच काळात सांगितलेली गोष्ट. न्गियाम यांच्या शब्दांत अशी एक ओळ मिळाली तर त्या दिवशी सर्वांत आधी मीच लेख बदलेन, आणि फार आनंदाने बदलेन.

लाँग बारची तुमची आठवण तुमचीच आहे, तिला माझ्या लेखाने धक्का लागायचं कारण नाही. फक्त एकदा 1922 ची कृती घरी करून बघा. जिनचे चार भाग, बेनेडिक्टिन आणि ड्राय चेरी ब्रँडीचा एकेक भाग, अर्ध्या लिंबाचा रस, ऑरेंज आणि अँगोस्टुरा बिटर्सचे दोन-दोन शिंतोडे. भरपूर बर्फ घालून हलवा, उंच ग्लासात गाळा, वरून गार सोडा. लिंबू पुढे येतं, बेनेडिक्टिनचा औषधी वनस्पतींचा वास मागून येतो आणि दमट हवेत हे का चालायचं ते पहिल्या घोटात कळतं.

शेवटी तुम्ही विचारलंत की मुंबईच्या ताजमधल्या हार्बर बारला मी का वगळलं. त्या बारची सुरुवात 1933 ची, आणि त्या वर्षाच्या नावाने तिथे एक कॉकटेलही मिळतं. त्याच्यावर स्वतंत्र लिहायचं आहे, म्हणून थांबलोय. मुंबईची गोष्ट सिंगापूरसारखी सलग नाही. मध्ये 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि बारमागच्या माणसांचं त्या वर्षांत काय झालं हे सांगितल्याशिवाय नुसती पेयाची कथा सांगणं मला पटत नाही. तुमच्या ओळखीत त्या काळी मुंबईच्या हॉटेलांत काम केलेलं कोणाचं कुटुंब असेल, विशेषतः गोव्याहून आलेलं, तर मला जरूर कळवा.