इंग्लंडात आपल्या मुलांना ‘एक वर्ष मागे’ बसवत नाहीत

बदलीवर इंग्लंडला निघालेल्यांची बांधाबांध सुरू झाली की तोच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरू लागतो. यंदा मला तो चौघांनी पाठवला. त्यात म्हटलंय: तिथल्या शाळा आपल्या मुलांना एक वर्ष मागे बसवतात, कारण त्यांचं इंग्रजी कच्चं असतं. आपला अभ्यासक्रम त्यांच्यापुढे आहे, तेव्हा मार्कशीट दाखवून वरचा वर्ग मागून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला अटेस्ट केलेला नसेल तर प्रवेश मिळत नाही. आणि शेवटी, दहावीच्या आत मुलाला तिकडे न्या, जीसीएसई (तिथली दहावीसारखी परीक्षा) सोपी असते.

यातल्या शेवटच्या सल्ल्यानं मुलाचं खरोखर नुकसान होऊ शकतं, म्हणून हे लिहायला बसले. पण आधी ‘मागे बसवतात’चं बघू.

माझी मुलगी नोव्हेंबरची. पुण्यात तिसरीत होती, इथे इंग्लंडात आल्यावर इयर थ्रीत गेली. आमच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या कुटुंबातला मुलगाही तिसरीतलाच, पण त्याला इयर फोर मिळालं. रविवारी सासूबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, “अगं, हिला नापास केलं का गं?” मुलगी शेजारीच बसली होती. तिनं ते ऐकलं. पुढचे कितीतरी दिवस ती मला विचारत होती की तिचं काय चुकलं.

तिचं काही चुकलं नव्हतं. इंग्लंडात वर्ग जन्मतारखेवर ठरतो. १ सप्टेंबर ते पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंत जन्मलेली मुलं एका वर्गात. ३१ ऑगस्टला ४ वर्षं पूर्ण असतील तर रिसेप्शन (शाळेचा सगळ्यात पहिला वर्ग), ५ असतील तर इयर वन, १० असतील तर इयर सिक्स. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण लागतात. या दोन तारखांच्या मधल्या चार महिन्यांत सगळा घोळ आहे.

पुण्यात एका बाकावर बसणारी दोन मुलं घ्या. एकाचा जन्म २० ऑगस्ट २०१६चा, दुसऱ्याचा ५ सप्टेंबर २०१६चा. २०२५-२६ मध्ये दोघेही चौथीत. त्याच वर्षी दोघे इंग्लंडला आले तर पहिला इयर फाइव्हमध्ये जाईल, दुसरा इयर फोरमध्ये. अंतर सोळा दिवसांचं. पहिल्याच्या घरी वाटतं, पोरगा हुशार म्हणून वर चढवला. दुसऱ्याच्या घरी वाटतं, मागे टाकला. शाळेनं दोघांच्या हुशारीकडे पाहिलेलंही नसतं. ‘आपली इयत्ता अधिक एक’ हा लोकांचा ठोकताळा साधारण जानेवारी ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांना लागू पडतो. सप्टेंबर ते डिसेंबरच्या मुलांना तोच आकडा मिळतो, आणि ‘मागे बसवतात’ ही अफवा तिथूनच निघते. (हे सगळं इंग्लंडचं. स्कॉटलंडमधल्या तारखा आणि वर्गांची नावं वेगळी आहेत.)

इंग्रजी कच्चं म्हणून खालच्या वर्गात? नाही. मूल आपल्या वयाच्या मुलांतच बसतं आणि भाषेची मदत तिथेच मिळते. मुलीच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेला एक मुलगा होता. पहिले काही आठवडे त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला चित्रांची छोटी कार्डं अडकवलेली असायची: पाणी, शौचालय, समजलं नाही, बरं वाटत नाही. बोलता आलं नाही की तो कार्ड वर धरायचा. हळूहळू ती कार्डं दप्तरात गेली. या मुलाला दोन वर्षं लहान मुलांत बसवलं असतं तर तो लवकर बोलला असता, असं मला मुळीच वाटत नाही.

‘आपला अभ्यासक्रम पुढे आहे’ यात थोडं तथ्य आहे, आणि ते पाढ्यांपुरतं आहे. इथे इयर फोरच्या शेवटी, जूनमध्ये, कॉम्प्युटरवर पाढ्यांची चाचणी असते. १२ × १२ पर्यंतचे २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. तीसपर्यंत पाढे घोकलेल्या आपल्या मुलांना ती हातचा मळ वाटते. पण त्याच मुलांसमोर एखादा उतारा ठेवून ‘ती मुलगी घाबरली होती हे तुला कशावरून वाटलं?’ असं विचारलं की ती शिक्षकांच्या तोंडाकडे बघत राहतात. प्रश्नाचं उत्तर धड्यातल्या एका ओळीत सापडतं, ही सवय मोडायला वेळ लागतो. वरचा वर्ग मागून घेतला तर नेमका तोच वेळ जातो. शिवाय इयर सिक्समध्ये माध्यमिक शाळेच्या अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर असते. एक वर्ष वर चढवलेल्या मुलाच्या आईबापांना ती तारीख इथल्या शाळांची नावंही नीट कळायच्या आत गाठावी लागते.

वयाबाहेरचा वर्ग मागता येतो, हे खरं. निर्णय प्रवेश देणारी यंत्रणा घेते, म्हणजे शाळेच्या प्रकारानुसार काउन्सिल (स्थानिक प्रशासन) किंवा खुद्द शाळा चालवणारी संस्था, आणि त्यासाठी मुलाच्या बाबतीतली सबळ कारणं द्यावी लागतात. एप्रिल ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाला रिसेप्शनमध्ये वर्षभर उशिरा घालण्याची विनंतीही करता येते. चौथीला ९२ टक्के मिळाले, हे सबळ कारण नव्हे.

दाखल्याचं थोडक्यात सांगते. इथे पाहतात ते जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा. शाळा सोडल्याचा दाखला परत जाल तेव्हा कामी येईल, म्हणून जरूर आणा, पण अटेस्टेशनसाठी रजा घालवू नका. खरी अडचण जागेची असते. रिसेप्शन, इयर वन आणि टूमध्ये एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा आहे. त्यामुळे जवळची शाळा भरलेली निघते, भावंडं दोन शाळांत विभागली जातात. घर भाड्यानं घेण्याआधी काउन्सिलला फोन करून कुठल्या वर्गात जागा आहे ते विचारा.

आता दहावी. जीसीएसईचा अभ्यास बहुतेक शाळांत इयर टेन आणि इलेव्हन असा दोन वर्षं चालतो आणि परीक्षा इयर इलेव्हनच्या मे-जूनमध्ये होते. परीक्षा मंडळं वेगळी, साहित्याची नेमलेली पुस्तकं वेगळी, विषय आधीच निवडून झालेले. नववी अर्धी सोडून आलेलं जानेवारी ते ऑगस्टचं मूल इयर टेनच्या मध्यात पडतं, आणि दहावी अर्धी सोडून आलेलं थेट इयर इलेव्हनमध्ये. दोन वर्षांचा अभ्यास काही महिन्यांत, तोही नव्या भाषेत आणि नव्या गावात. हे सोपं कसं?

दहावी मार्चमध्ये देऊन सप्टेंबरला आलं, तर तेच मूल वयानं इयर ट्वेल्व्हला बसतं, म्हणजे ए लेव्हलच्या (आपल्या अकरावी-बारावीसारख्या अभ्यासक्रमाच्या) पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर. सप्टेंबर ते डिसेंबरची मुलं मात्र दहावी होऊनही वयानं इयर इलेव्हनमध्ये येतात. वरचा वर्ग मागायचाच असेल तर तो या टप्प्यावर मागा. निघण्याआधी सहा महिने सिक्स्थ फॉर्म कॉलेजांना, म्हणजे ए लेव्हल शिकवणाऱ्या कॉलेजांना, लिहा, दहावीचे विषय कळवा, काय मान्य होईल ते लेखी घ्या.

आमच्या ओळखीच्या एका घरात बाबा ऑक्टोबरमध्ये एकटेच पुढे आले. आई आणि मुलगा नाशिकला थांबले. बाबा रोज रात्री साडेनवाला झोपायचे आणि पहाटे अडीचला उठून फोनवर मुलाचं बीजगणित घ्यायचे, कारण तेव्हा नाशिकला सकाळचे आठ वाजलेले असायचे आणि पोरगा अभ्यासाला बसलेला असायचा. मार्चमध्ये पेपर झाले, ऑगस्टमध्ये मायलेक आले. मुलगा सध्या इयर ट्वेल्व्हमध्ये गणित, भौतिकशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकतोय.