चार पोर्ट विनावापर

ऑफिसात नेटवर्कचा जाणकार कोण, हे शिक्षणावरून ठरत नाही, बसण्याच्या जागेवरून ठरतं. भिंतीवरच्या त्या लुकलुकत्या पेटीच्या बरोबर खाली माझं टेबल आहे. त्यामुळे नेट गेलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. नेट परत आलं की कुणी ढुंकून बघत नाही, तो भाग वेगळा.

त्यात ऑडिट आलं. ऑडिटवाल्या साहेबांनी स्टुलावर चढून त्या पेटीची, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना नेट वाटणाऱ्या स्विचची, पाहणी केली आणि शेरा मारला, "उजवीकडील चार पोर्ट विनावापर. प्रयोजन कळवावे." आमच्या साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "तुमच्या डोक्यावरच आहे ना ते? दोन ओळी लिहून टाका."

मी स्टुलावर चढलो. नेहमीचे चोवीस पोर्ट, म्हणजे केबल खोचायची भोकं, ओळखीचे. आत डोकावलं की आठ सोनेरी पिना दिसतात, केबल घातली की खट्कन आवाज येतो. पण उजव्या टोकाला २५ ते २८ असे आकडे घातलेली चार चौकोनी भोकं होती. आतून पत्र्याने मढवलेली. पिना दिसत नव्हत्या, दिवा लागत नव्हता, नुसता काळोख.

स्टुलावर माणूस दिसला की खाली सल्लागार मंडळ जमतं. अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, कार्ड रीडर असणार. एकाने यूएसबी म्हणून पेनड्राइव्ह घालून पाहिला, तो आत वडिलांचा शर्ट घातल्यासारखा डुगडुगला. निवृत्तीला आलेल्या नानांनी निकालच दिला, "हवा खेळायला ठेवलीयत ती. मशीन तापतं." हे सगळ्यांना पटलं. खात्री करायला नानांनी एका भोकाला डोळासुद्धा लावला. भोक रिकामं होतं म्हणून ठीक. फायबरच्या, म्हणजे प्रकाशातून नेट नेणाऱ्या काचेच्या तारेच्या, टोकाला मात्र असा डोळा लावायचा नसतो. आतला लेसर बहुधा ८५० किंवा १३१० नॅनोमीटरचा असतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

मॅन्युअल काढलं. बऱ्याच भाषांमध्ये एकच माहिती होती: यंत्र पाण्यात बुडवू नये.

शेवटी मोबाइलने फोटो काढून तो ताणताणून मोठा केला, तेव्हा करड्या पत्र्यावर करड्याच शाईतली तीन अक्षरं सापडली. एसएफपी. ही अक्षरं छापणाऱ्याला ती कुणी वाचावीत अशी मुळीच इच्छा नसावी.

पुढचा उलगडा मात्र झकास होता. हा पोर्ट नव्हेच, ही पोर्ट बसवायची जागा! बोटाएवढं एक मॉड्यूल वेगळं विकत घ्यायचं, ते त्यात सरकवायचं आणि मग त्या मॉड्यूलमध्ये फायबर जोडायची. तांब्याच्या केबलची धाव १०० मीटर. त्यापलीकडच्या इमारतीत नेट न्यायचं तर ही सोय. काही कंपन्यांचे स्विच दुसऱ्या कंपनीच्या मॉड्यूलला ओळखही दाखवत नाहीत, म्हणजे मानपान इथेही आहेच. शिवाय एसएफपीपुढे अधिकचं चिन्ह असलं तर भोक तेवढंच, पण वेग १ गिगाबिटऐवजी १०. आमच्या ऑफिसात या टोकाची शिंक त्या टोकाला ऐकू येते. आम्हाला काय करायचीय फायबर?

मी लिहिलं, "सदर चार पोर्ट हे पोर्ट नसून पोर्टसाठीच्या रिकाम्या जागा आहेत." साहेबांनी ते वाचून लाल पेन काढलं. "असं लिहू नका हो. बिलात चोवीस अधिक चार पोर्ट आहेत. ते विचारतील, चार कुठे गेले?" मग "भावी विस्तारासाठी राखीव" असं ठरलं. या वाक्याने आजवर कित्येक वस्तू वाचवल्या आहेत.

वर चढलोच होतो तर आणखी एक प्रकरण निघालं. डाव्या कडेला एक पोर्ट एकटाच होता. दिसायला अगदी बाकीच्यांसारखा, नेहमीच्या नेट केबलचा आरजे-४५च, पण भोवती निळसर चौकट. त्यात सेल्समधल्या एका पोराची केबल होती. "मोकळा होता म्हणून लावली सर. तेव्हापासून नेटच नाही. कंपनीकडे तक्रार टाकलीय." तो होता कन्सोल पोर्ट. तिथून नेट मिळत नाही. खास केबल लावून स्विचशी खाजगीत बोलायची, म्हणजे त्याची सेटिंग बदलायची, ती जागा, आणि ते बोलणंही बहुतेक वेळा सेकंदाला ९६०० बिटच्या बैलगाडी वेगाने. वेगळी दिसणारी भोकं नेटचीच निघाली आणि नेटसारखं दिसणारं भोक भलत्याच कामाचं, याला काय म्हणावं?

आमचं उत्तर गेलं आणि ऑडिटचा दुसरा शेरा आला. "मागील बाजूस एक अरुंद पोर्ट आढळला. तोही विनावापर." मागे बघितलं तर सुमारे ७ बाय ३ मिलिमीटरची फट. पेटी चोरीला जाऊ नये म्हणून तारेचं कुलूप अडकवायचा खाचा. तसं कळवलं. उलट टपाली विचारणा, "मग कुलूप का नाही?"

कुलूप मागवलं, आलं, लागलं. नंतर स्विच बदलायला माणूस आला, तेव्हा कुलपाची चावी साहेबांच्या कपाटात होती आणि कपाटाची चावी साहेबांबरोबर रजेवर.